पन्नास रुपयांचा दंड आणि चोवीस टक्क्यांचा दावा: विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

केंद्राच्या चारही श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांच्या पाठोपाठ राज्याचे नियम, अधिसूचना आणि सवलती तुमच्यापुढे येत राहणार. त्याआधीच, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते: कामगार कायदे कडक असले की गुंतवणूक बाहेर जाते, रोजगार घटतो, आणि हे अर्थशास्त्रज्ञांनी सिद्ध केलेले आहे.

मी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अर्थशास्त्र शिकवते. या वाक्यामागे जे संशोधन आहे ते मी वर्गात शिकवते आणि त्याची उलटतपासणी करणारे संशोधनही शिकवते. पहिले सगळीकडे पोचले आहे. दुसरे फारसे पोचलेले नाही. तुम्ही ज्या कायद्यांवर हात वर करून मत देता त्यांच्यासाठी दोन्ही माहीत असणे गरजेचे आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या दोघांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. भारतातल्या कामगार कायद्यांवर त्याच्याइतका उद्धृत झालेला दुसरा निबंध क्वचितच असेल. त्यांची कल्पना हुशारीची होती. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत, असल्याने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात राज्ये आपापल्या दुरुस्त्या करत आली आहेत. त्यांनी १६ राज्यांच्या १९५८ ते १९९२ या काळातल्या दुरुस्त्या गोळा केल्या. दुरुस्ती कामगारांच्या बाजूची असेल तर अधिक एक, मालकांच्या बाजूची असेल तर उणे एक, कोणाच्याच बाजूची नसेल तर शून्य. वर्षामागून वर्ष हे गुण साठवत नेले आणि प्रत्येक राज्याचा एक आलेख तयार केला. मग तो नोंदणीकृत कारखान्यांचे उत्पादन, रोजगार आणि गुंतवणूक यांच्याशी ताडून पाहिला.

निष्कर्ष असा निघाला की कामगारांच्या बाजूने कायदे वळवणाऱ्या राज्यांत कारखानदारी मागे पडली आणि शहरी गरिबी वाढली. पश्चिम बंगालने तशा दुरुस्त्या केल्या नसत्या तर १९९० साली तिथले नोंदणीकृत कारखान्यांचे उत्पादन २४ टक्क्यांनी जास्त असते, असे त्यांचे गणित सांगते. या यादीत महाराष्ट्रही गुजरात, ओडिशा आणि पश्चिम बंगाल यांच्याबरोबर 'कामगारधार्जिण्या' राज्यांत बसला. केरळ मात्र मालकांच्या बाजूच्या राज्यांत होता! केरळच्या कामगार चळवळीबद्दल थोडेफार ऐकलेल्या माणसालाही इथे थांबावेसे वाटेल.

या दोघांनी आपली पद्धत आणि आपले गुणांकन लपवले नाही. त्यामुळेच दुसऱ्या कोणाला ते तपासता आले. ते काम दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक आदित्य भट्टाचार्य यांनी केले. २००६ मध्ये त्यांचा समीक्षात्मक लेख आला. त्यांनी जे केले ते तसे साधे आणि कष्टाचे होते. गुणांच्या तक्त्यावर न थांबता त्यांनी दुरुस्त्यांचा मूळ मजकूर वाचला.

गुजरात कामगारधार्जिणा कसा ठरला? एका दुरुस्तीमुळे. १९७३ साली गुजरातने अशी तरतूद केली की कारखान्याच्या संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर मालकाने आपला प्रतिनिधी नेमला नाही, तर त्याला दिवसाला पन्नास रुपये दंड करता येईल. एवढेच. या तरतुदीने गुजरातच्या कारखानदारीचे नेमके काय बिघडले असेल याचा विचार तुम्हीच करा. पण तक्त्यात तिला अधिक एक मिळाला आणि पुढची सगळी वर्षे तो गुण गुजरातच्या नावावर राहिला. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागेल अशी तरतूद आणि पन्नास रुपयांचा दंड, दोन्हींचे वजन सारखेच. एखाद्या राज्याने एकाच वर्षात चार दुरुस्त्या केल्या तरी त्या वर्षाचा गुण एकच. दुरुस्त्यांची ही मोजणी म्हणजे घरातली औषधे गोळ्यांच्या संख्येवरून तोलण्यासारखे आहे.

यावर बेस्ली-बर्जेस यांच्या बाजूने एक उत्तर दिले जाते आणि ते नीट ऐकून घ्यायला हवे. ते म्हणतात, आम्ही गुजरातची तुलना बंगालशी करत नाही. प्रत्येक राज्याची तुलना त्याच्याच आधीच्या काळाशी करतो. त्यामुळे महाराष्ट्र कामगारधार्जिणा असूनही उद्योगात पुढे कसा, हा प्रश्न त्यांच्या पद्धतीला लागू होत नाही. हे म्हणणे बरोबर आहे. 'महाराष्ट्र तर पहिल्या क्रमांकावर आहे, मग कायदे वाईट कसे?' असे आपल्याकडचे काही कामगार नेते भाषणात विचारतात. त्या एका प्रश्नाने हा निबंध खोटा पडत नाही.

खरी अडचण वेगळीकडे आहे. राज्यांची औद्योगिक वाटचाल कामगार कायद्यांशिवाय इतर कारणांनीही वेगवेगळी होत होती. बंगालचेच घ्या. वाहतूक खर्चाच्या समानीकरणाच्या धोरणामुळे पोलाद देशभर सारख्या भावात मिळू लागले आणि खाणी-कारखान्यांजवळ असण्याचा पूर्व भारताचा फायदा गेला. त्यात विजेची टंचाई होती, राजकीय अस्थिरता होती. प्रत्येक राज्याला अशी स्वतःची एक वाट असू शकते हे गणितात धरले, तर कामगार कायद्याचा परिणाम उरतो का? उरत नाही. हे भट्टाचार्य यांनी कुठून शोधून आणलेले नाही, बेस्ली-बर्जेस यांच्या स्वतःच्याच एका तक्त्यात ते छापलेले आहे. भट्टाचार्य यांनी त्यावर बोट ठेवले. २४ टक्के सगळ्यांनी उचलले, तो रकाना मात्र कोणी उचलला नाही.

आता आपल्या राज्याकडे येऊ. या गुणांकनात महाराष्ट्राचा कामगार कायदा किती सापडतो? माझ्या मते फारच थोडा. आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

मुंबईच्या गिरण्या आठवा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार-बोनसइतकीच त्या संपातली महत्त्वाची मागणी होती ती १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची. कामगार ज्यांच्याकडे पाठ फिरवून बसले होते त्या राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच त्या कायद्याने एकमेव प्रातिनिधिक संघटना मानले होते. वाटाघाटी करायच्या तर त्याच संघटनेशी, असा कायदा. महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा औद्योगिक संघर्ष ज्या कायद्यावरून पेटला, तो या गुणांकनात नाही, कारण गुणांकन फक्त औद्योगिक विवाद कायद्याच्या दुरुस्त्यांचे आहे.

दुसरा कायदा १९७१ चा, आपल्याच राज्याचा. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली एक तरतूद औद्योगिक पट्ट्यात युनियनच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असते: कायम कामगारांचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा आहे. कायमपणाची लढाई महाराष्ट्रात दशकानुदशके या कलमावर लढली गेली. तेही मोजणीत नाही. १९६९ चा माथाडी कायदा तर फारच दूर राहिला.

शिवाय सगळ्यात मोठे बदल केंद्राने किंवा न्यायालयाने केले होते. आणीबाणीत, १९७६ मध्ये, ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना कामगारांची कपात आणि बंदी (म्हणजे कारखाना बंद करणे) यासाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. मुंबईतल्या एका तयार कपड्यांच्या कारखान्याने बंदीची परवानगी मागितली, राज्य सरकारने नाकारली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ मध्ये न्यायालयाने बंदीचे ते कलमच घटनाबाह्य ठरवले. पुढे ते नव्याने लिहिले गेले आणि १९८४ पासून मर्यादा ३०० वरून १०० वर आली. या घडामोडी सगळ्या राज्यांवर एकदमच आल्या. राज्याराज्यांतल्या फरकावर चालणाऱ्या गणिताला त्या दिसूच शकत नाहीत.

आणि मग २००१. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सरकारी पोलाद कंपनीच्या (पोलाद प्राधिकरण, 'सेल') खटल्यात निकाल दिला की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी त्या कामगारांना मुख्य मालकाकडे, म्हणजे ज्याच्या कारखान्यात ते राबतात त्याच्याकडे, आपोआप सामावून घेतले जाणार नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या एका औषध कंपनीच्या खटल्यात ठरले की आपण मुख्य कंपनीचेच कामगार आहोत हे आधी दुसरीकडे सिद्ध केल्याशिवाय कंत्राटी कामगारांना १९७१ च्या कायद्याखाली तक्रार करता येणार नाही. कायद्याच्या पुस्तकातली एक ओळही बदलली नाही, पण गेटच्या आत सगळे बदलले.

मारियान बर्ट्रांड, चांग-ताय शे आणि निक त्सिवानिडिस या अर्थशास्त्रज्ञांनी या २००१ च्या निकालाचा माग काढला आहे. निकालानंतर मोठ्या कारखान्यांनी कंत्राटी कामगार झपाट्याने वाढवले, आणि हे कारखाने वाढायला, विस्तारायला आधीपेक्षा तयार झाले, असे त्यांना आढळले. रितम चौरे यांचे संशोधन सांगते की ज्या राज्यांत कायदे कडक मानले जातात तिथे मागणी तात्पुरती वाढली की कारखाने कंत्राटी माणसे जास्त घेतात. वार्षिक औद्योगिक पाहणीत हे स्पष्ट दिसते. २००० च्या सुमारास संघटित कारखान्यांतला पाचातला एक कामगार कंत्राटी होता. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेले.

मालकांना जी लवचीकता हवी होती ती त्यांना ठेकेदारामार्फत वीस वर्षांपूर्वीच मिळाली. मग नव्या संहितेत कपात-बंदीच्या परवानगीची १०० कामगारांची मर्यादा ३०० केल्याने नवे काय मिळणार आहे? त्या मर्यादेमुळे कारखाने ९९ वर अडकून बसतात हे गृहीतकही डळमळीत आहे. चांग-ताय शे आणि बेंजामिन ओल्केन यांनी २०१४ मध्ये भारतातल्या उद्योगांची आकारानुसार विभागणी तपासली. शंभराच्या आकड्यापाशी म्हणावी तशी खाच, म्हणजे उद्योगांच्या संख्येत अचानक घट, त्यांना सापडली नाही.

माझ्या संध्याकाळच्या वर्गातली काही मुले शिफ्ट संपवून येतात. त्यांच्या हजेरीकार्डावर ठेकेदाराचे नाव असते. सात महिने झाले की ब्रेक. मग नाव दुसऱ्या ठेकेदाराकडे, पण लाइन तीच, मशीन तेच, सुपरवायझर तोच. वर्षात २४० दिवस भरले की कपातीविरुद्ध कायद्याचे संरक्षण मिळते, म्हणून ते भरू द्यायचे नाहीत, हे त्यामागचे साधे गणित त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. शेजारी उभा कायम कामगार तेच काम करून कितीतरी जास्त पगार घेतो हेही त्यांना ठाऊक असते, आणि त्या कायम कामगारालाही ठाऊक असते की जास्त ताणले तर आपली जागा कंत्राटात जाईल. राधिका कपूर आणि पी. पी. कृष्णप्रिया यांनी आपल्या अभ्यासात हेच मांडले आहे: कायम कामगारांची वाटाघाटीची ताकद कमी ठेवण्यासाठी कंत्राटी कामगारांचा उपयोग होतो. म्हणजे ज्या कायद्याला आपण 'अतिसंरक्षण' म्हणतो, त्याचे संरक्षण पूर्ण पगाराच्या कामगारालाही पूर्णपणे मिळत नाही.

कायदे जसे आहेत तसेच ठेवावेत, असे मी म्हणत नाही. लहान उद्योजकाची तक्रार खरी आहे आणि तिला पुरावाही आहे. अमृत अमिरापू आणि मायकेल गेक्टर यांच्या संशोधनात दिसते की कामगारांची संख्या दहाच्या पुढे गेली की दर कामगारामागचा खर्च साधारण ३५ टक्क्यांनी वाढल्यासारखा उद्योग वागतात. हा बोजा कायद्यातल्या तरतुदींपेक्षा तपासनीसांच्या भ्रष्टाचाराशी जास्त जुळतो, असेही त्यांना आढळले. भोसरीतल्या किंवा इचलकरंजीतल्या बारा माणसांच्या वर्कशॉपच्या मालकाला हे वाचून दाखवा, तो मान डोलावेल. पण त्याचे दुखणे कपातीच्या परवानगीचे नाही. रजिस्टरे, हप्ते आणि फेऱ्या यांचे आहे. ३०० ची मर्यादा त्याच्या कधी कामाला येणार? सुधारणेची सगळी राजकीय ताकद मोठ्या कारखान्याच्या कपातीवर खर्च होते आणि छोटा माणूस तिथेच राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राजस्थानने २०१४ मध्ये ३०० ची मर्यादा आणली आणि २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत तिचा यशस्वी सुधारणा म्हणून दाखला दिला गेला. तिथे मोठ्या कारखान्यांची संख्या वाढली हे दाखवले गेले. त्या कारखान्यांत वाढलेली माणसे कायम होती की ठेकेदाराची, हा प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारला जायला हवा होता. महाराष्ट्रात तो तुम्ही विचारावा.

कारण त्याचे उत्तर देणारी माहिती राज्याच्याच कपाटात आहे. कपात आणि बंदीसाठी आलेला प्रत्येक अर्ज कामगार विभागाकडे नोंदलेला असतो. साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, ही तरतूद जुन्या कायद्यातही होती आणि नव्या संहितेतही आहे. १९८४ पासून आजवर जिल्हावार किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि किती नुसत्या शांततेने मंजूर झाले, हे आकडे सभागृहाच्या पटलावर यायला हवेत. परवानगीची अट उद्योगांचा गळा आवळत होती की कागदावरच होती, ते या एका तक्त्यातून बेस्ली-बर्जेस यांच्या गुणांकनापेक्षा अधिक कळेल.

तसेच ठेकेदारांच्या परवान्यांचे. औद्योगिक वसाहतवार किती परवाने, त्यांवर किती माणसे, किती परवाने रद्द झाले. कंत्राटी कामगार कायद्यानुसार ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाने द्यायचा होता. अशी वसुली आजवर किती प्रकरणांत झाली? महाराष्ट्राने कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर आधीच नेली होती. त्यानंतर ५० च्या खाली राहिलेल्या ठेकेदारांची संख्या वाढली का? वाढली असेल तर एकाच कारखान्यात एकाच जागी ४५-४५ माणसांचे तीन ठेकेदार उभे राहण्याचा प्रकार कागदावर दिसेल.

बारा तासांच्या पाळीबद्दल माझी मागणी तातडीची आहे. बोटे जाणे, हात अडकणे, पाय घसरणे या अपघातांची नोंद कारखान्यांच्या रजिस्टरात असते. अपघात पाळीच्या कितव्या तासाला झाला हे त्या नोंदीत सक्तीने लिहिले जावे आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने ते एकत्र करून दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावे. बदल आधी निवडक औद्योगिक वसाहतींत लागू करून बाकीच्या तशाच ठेवता आल्या तर फारच उत्तम. तुलना करायला काहीतरी हाती राहील, आणि २०४० साली एखादा परदेशी निबंध येऊन आपल्याला आपल्याच कामगारांबद्दल गुण देईपर्यंत थांबावे लागणार नाही. नव्या ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागणार आहे. ठेकेदाराच्या हजेरीवरचा, सातव्या महिन्यातला मुलगा ती संमती नाकारू शकतो का, हे पाहण्यासाठी संमतिपत्रांची नमुना तपासणी करावी लागेल, आणि ती कारखान्याच्या ऑफिसात बसून होणार नाही.

कामगार न्यायालये आणि औद्योगिक न्यायालयांतल्या रिकाम्या जागा आणि एका दाव्याला लागणारी सरासरी वर्षे, हा आकडाही मागा. निकाल लागेपर्यंत माणूस दुसऱ्या गावी गेला असेल तर कायदा कडक आहे की सैल, हा वाद त्याच्यापुरता निरर्थक ठरतो.

हे सगळे तारांकित प्रश्नांतून विचारता येते. त्यासाठी नवे विधेयक लागत नाही, पैसा लागत नाही, पक्षादेशाचा अडथळाही यायचे कारण नाही. आकडे हाती आले की ते तपासायला, त्यांतल्या चुका काढायला आणि साध्या मराठीत मांडायला राज्याच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत अर्थशास्त्राची पुष्कळ माणसे आहेत. आपल्या समितीने बोलावले तर आम्ही येऊ, आणि माझे काही विद्यार्थी पहिल्या पाळीला सुटी टाकून यायलाही तयार आहेत, त्या दिवसाचा पगार कापला गेला तरी.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक अध्यापिका
पिंपरी-चिंचवड